दोरा बांधलेलं गाणं

येत्या सोमवारपासून आपल्या रेडिओवर दिवसभर फक्त जुनी गाणी लागणार, असं ज्या दिवशी स्टेशनवर जाहीर झालं, त्या दिवशी जो उठला तो मास्तरांच्या खोलीत येऊन त्यांचं अभिनंदन करून गेला. दारवान आला, टायपिस्ट आली, सकाळच्या बातम्या वाचणाऱ्या बाई आल्या. वायरमनने तर पाठीवर अशी थाप मारली की मास्तरांच्या हातातली तबकडी खाली पडता पडता वाचली.

"मास्तर, तुमचे दिवस आले! आता बसा मांडी ठोकून."

मास्तर हसले. पण कसं, तर दाढ दुखत असताना फोटोवाल्याने "हसा" म्हटल्यावर माणूस हसतो तसं.

स्टेशन लहानच. दुमजली इमारत, खाली औषधांचं दुकान, वर तीन खोल्यांत रेडिओ आणि गच्चीवर लोखंडी मनोरा. गावात आणखी दोन स्टेशनं निघाली तेव्हापासून ह्या लहानग्याची पार दमछाक झाली होती. एक टेकडीवरचं, एक पुलापलीकडचं. टेकडीवाल्यांनी नवी धांगडधिंग्याची गाणी लावली की इकडेही तीच लागत. पुलापलीकडचे दिवसभर गप्पा हाणू लागले की इकडेही दोघेजण माइकसमोर बसून एकमेकांच्या विनोदांना खिदळत. दहा वर्षांत चार वेळा कात टाकून झाली. वायरमन म्हणायचा, "दारावरची पाटी काढा आणि सरड्याचं चित्र लावा. लोकांना पत्ता लगेच सापडेल."

ह्या सगळ्या उलथापालथीत एक माणूस मात्र आपल्या जागी होता. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. गायकाचं नाव कुणी चुकीचं घेतलं की तिथल्या तिथे दुरुस्त करायची खोड, म्हणून ते मास्तर. चौतीस वर्षं गाण्यांच्या खोलीत. चार हजारांवर तबकड्या, प्रत्येकीचं एक कार्ड, आणि प्रत्येक तबकडी वर्षातून दोनदा मऊ फडक्याने आतून बाहेर अशी पुसायची. बाहेरून आत पुसलेली त्यांना चालत नसे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी मास्तरीणबाई म्हणायच्या, "मुलांना आंघोळ घालायची पाळी आली की ह्यांची पाठ धरायची. तबकड्यांना मात्र रोज न्हाऊमाखू!"

ह्या खोलीत एक रीत होती, दुसऱ्या कुठल्याच स्टेशनवर नसेल अशी. तिचं असं झालं.

मास्तर नवे नवे असताना एके दिवशी शाळेचे ड्रिलमास्तर त्यांच्याकडे आले. धिप्पाड गडी, मिशा अशा की लिंबू ठेवावं. स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांची बायको नुकतीच गेली होती. ती स्वयंपाक करताना एक गाणं गुणगुणायची, आणि ते गाणं रेडिओवर नेमकं सकाळी लागायचं. "ते लागलं की मग मैदानावर मला शिट्टी फुंकता येत नाही हो," ड्रिलमास्तर म्हणाले. "ओठ थरथरतात. पोरं हसतात."

मास्तरांना काय सुचलं कोण जाणे. कार्डांचे गठ्ठे बांधायला त्यांच्या खिशात बायकोच्या शिवणाच्या डब्यातला निळा दोरा असे. ती तबकडी त्यांनी कपाटातून काढली, पाकिटावर दोरा उभा-आडवा गुंडाळला आणि गाठ मारली. म्हणाले, "हे आता वाजायचं नाही. पुन्हा ऐकावंसं वाटलं की या, आणि आपल्या हाताने सोडा."

चौथ्या वर्षी ड्रिलमास्तर आले, गाठ सोडली, शेजारी बसून गाणं पुरं ऐकलं आणि भोंगा वाजवल्यासारखं नाक शिंकरून निघून गेले.

ही गोष्ट कर्णोपकर्णी झाली आणि लोक येऊ लागले. गाणं लावा म्हणून पत्रं सगळ्याच स्टेशनांना येतात; गाणं लावू नका म्हणून माणसं यायची ती इथेच. एका तरुणाचं लग्न मोडलं, त्याने एका दमात तीन गाण्यांना दोरे बांधून घेतले. आठ महिन्यांनी तोच नव्या नवरीला घेऊन आला, तिन्ही गाठी दातांनी सोडल्या आणि वर म्हणाला, "ह्यातलं मधलं आज संध्याकाळी हिच्या नावाने लावा." एक न्हावी आला. त्याची तक्रार अशी की शेजारचा चहावाला एकच गाणं दिवसभर बेसूर म्हणतो, तेव्हा ते बांधून टाका. मास्तरांनी त्याला वाटेला लावलं. "दोरा गाण्याला बांधतो आम्ही. चहावाल्याच्या तोंडाला तुम्हीच बांधा."

नियम दोनच. कार्डावर बांधणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहायची, कारण लिहायचं नाही. आणि ज्याने बांधला त्यानेच येऊन सोडायचा. त्याला आठवण करून द्यायला जायचं नाही. दुःखाला तगादा लावू नये, असं मास्तर म्हणत. पुढे गाणी कॉम्प्युटरमध्ये गेली तेव्हा त्यांनी वायरमनच्या मागे लागून तिथेही दोरे बांधून घेतले: गाण्याच्या नावापुढे निळा ठिपका. निवेदक ठिपका पाहायचा आणि ते गाणं सोडून पुढचं लावायचा.

म्हणजे कार्यक्रम कोणताही असो, गाणं निवडणारं माणूस असे. तिथेच आता फरक पडणार होता.

स्टेशनचे मालक अंथरुणाला खिळल्यापासून कारभार त्यांच्या सुनेकडे होता. सगळं स्टेशन तिला सूनबाई म्हणे, तिच्याहून दहा वर्षांनी लहान टायपिस्टसुद्धा. बाई हुशार, कामाला वाघ. तिने गावातल्या दोनशे माणसांना फोन लावून गाण्यांचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवले आणि आवडलं का, किती आवडलं, ते विचारलं. त्यातून तीनशे गाणी निघाली. तीच तीनशे आता मशीन फिरवून फिरवून लावणार. सगळ्यांत जास्त आवडलेली बारा तर दर तीन तासांनी.

मास्तरांनी यादी हातात घेतली आणि पहिल्या ओळीवरच त्यांचं बोट थांबलं. पहिला नंबर नावेच्या गाण्याचा. बाईचा भरदार आवाज, मागे वल्ह्यांचा ठेका, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी मिळून द्यायची साद. दोनशेपैकी एकशे नव्वद माणसांनी ते "फार आवडलं" म्हटलं होतं. आवडणारच. एकोणीस वर्षं ते गावातल्या रेडिओवर वाजलंच नव्हतं. बाकीची गाणी ऐकून ऐकून पायपुसण्यासारखी झाली होती. हे एकटं कोरं करकरीत राहिलं होतं, आणि राहिलं होतं ते मास्तरांच्या दोऱ्यामुळे.

कार्डावर लिहिलं होतं: लाँड्रीवाले. मास्तरांना तो दिवस आठवत होता. मागच्या गल्लीतला लाँड्रीवाला दुपारच्या वेळी आला होता, अंगात इस्त्री न केलेला शर्ट. त्याची सात वर्षांची एकुलती एक मुलगी तीन दिवसांच्या तापात गेली होती. त्या गाण्यातली साद ती दुकानात उभी राहून ओरडून द्यायची. "घरी सोसणार नाही हे," एवढंच तो म्हणाला होता.

मास्तर यादी घेऊन सूनबाईंच्या टेबलापाशी गेले.

"सूनबाई, ह्यातल्या सहा गाण्यांना ठिपका आहे."

"माहीत आहे मास्तर. वायरमनला सांगितलंय, ठिपके पुसून टाक."

मास्तर बसणार होते ते उभेच राहिले. "पुसून? मी शब्द दिलाय लोकांना."

"ज्याला नको त्याने तेवढा वेळ रेडिओ बंद करावा."

"कधी बंद करायचा ते त्याला कळणार कसं? गाणं काय पाहुण्यासारखं पत्र टाकून येतं?"

सूनबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यांनी दार लोटून घेतलं. "मास्तर, तुम्हाला म्हणून सांगते. जाहिरातवाल्यांनी निर्वाणीचं सांगितलंय. ह्या खेपेला ऐकणारे वाढले नाहीत तर वर्षभरात आपण मनोरा उतरवायचा. चौदा घरं आहेत ह्या मनोऱ्याखाली. मी काय करू, तुम्हीच सांगा."

चौदातलं एक घर मास्तरांचंच होतं.

"शनिवारपर्यंत थांबा," ते म्हणाले. "मी जाऊन एकेकाकडून दोरे सोडवून आणतो. जो नाही म्हणेल त्याचं गाणं वगळा."

सूनबाईंनी थोडा विचार केला. "पाच वगळीन. पहिल्या नंबरचं नाही. त्याच्यावर तर सगळा डोलारा उभा आहे. मास्तर, तेवढं एक तुम्ही सोडवूनच आणा."

घरी हे रडगाणं ऐकवायची सोय नव्हतीच. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, चौतीस वर्षं माणसं तुमच्या दाराशी आली. दोन दिवस तुम्ही त्यांच्या दाराशी गेलात तर पाय झिजणार आहेत का?"

"पाय नाही गं. ह्यात मीच घातलेला नियम मोडतोय."

"मग नियमाची चप्पल करा आणि निघा."

पाच जणांचं दोन दिवसांत उरकलं. दोघांना तर आपण काही बांधलं होतं हेच आठवेना, "अजून ठेवलाय होय दोरा!" म्हणून त्यांनी चहा पाजला. एकजण वारला होता, त्याच्या मुलीने होकार दिला. एक गाव सोडून गेलेला, तो फोनवर सापडला. पाचवा निवृत्त कंपाउंडर दारातच "नाही" म्हणाला आणि दार लावून घेतलं. सूनबाईंनी शब्द पाळला, त्याचं गाणं यादीतून काढलं.

राहिली लाँड्री. शुक्रवारी सकाळी मास्तर तिकडे गेले, ते दोनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरून, तिसऱ्यांदा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे इस्त्रीचं टेबल, त्यावर जळक्या डागांची जाड घोंगडी. मागे दोरीवर हँगर, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. भिंतीतल्या फळीवर रेडिओ. त्याचं स्टेशन बदलायचं बटण कधीच निखळलं होतं, नुसता लोखंडी दांडा उरला होता. काटा मास्तरांच्या स्टेशनवर जो बसला तो बसला. लाँड्रीवाला दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि दुकान आता त्याची बायको एकटी चालवत होती. वहिनी साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, पण मनगटं पहिलवानाची.

"या मास्तर. कपडे कुठायत?"

"कपडे नाही आणले वहिनी. जरा बोलायचं होतं."

"बोला की. हात चालू ठेवते, चालेल ना?" त्यांनी शर्टावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवली. फस्स करून वाफ आली.

मास्तरांनी सुरुवात कुठून करावी ते पाठ करून आणलं होतं, ते सगळं विसरले. मधूनच म्हणाले, "एकोणीस वर्षांपूर्वी दादा माझ्याकडे आले होते. नावेच्या गाण्याचं सांगायला."

इस्त्री थांबली नाही. "काय सांगायला?"

"तेच. लावू नका म्हणून. तुमच्यासाठी. तुम्हाला सोसणार नाही म्हणून."

आता थांबली. वहिनींनी ती उभी करून ठेवली आणि मास्तरांकडे असं पाहिलं की त्यांना वाटलं, आपण चुकीच्या दुकानात आलो.

"ते सांगून आले होते? म्हणून लागत नव्हतं?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला वाटलं, तबकडी फुटली तुमची." वहिनींचा आवाज अगदी सपाट होता. "मी कार्डं टाकली तुम्हाला. त्यांना कळू नये म्हणून नाव नाही लिहिलं. त्यांना वाटायचं, मी विसरत चाललेय. म्हटलं, वाटू दे, तेवढाच त्यांच्या जिवाला आराम. अकरा कार्डं टाकली. एकाचंही उत्तर नाही."

ती कार्डं मास्तरांना आठवत होती. दर वर्षी मुलगी गेली त्या महिन्यात एक, पेन्सिलीने लिहिलेलं: नावेचं गाणं लावावं ही विनंती. खाली "एक श्रोती". प्रत्येक वेळी मास्तरांनी ते वाचलं होतं, ही कोण बाई आहे जिला दुसऱ्याच्या दुःखाची कल्पना नाही असं मनात म्हटलं होतं, आणि कार्ड "लावता येत नाही" असं लिहिलेल्या खोक्यात टाकलं होतं. लाँड्रीवाल्या वहिनींना जपायचं म्हणून त्यांनी लाँड्रीवाल्या वहिनींचीच कार्डं अकरा वर्षं बाजूला टाकली होती.

"वहिनी, ती माझ्याकडे आली. सगळी आली. मीच..."

वहिनींनी शर्टाची बाही सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"तिचा फोटो आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "फ्रॉक आहे. पाटी आहे. आवाज कुठे ठेवणार हो? त्या गाण्यात होता. ते लागलं असतं ना, तर साद देतात तिथे मला ती ऐकू आली असती. मी रोज रेडिओ लावायचे, आज लागेल, उद्या लागेल. मग एके दिवशी लक्षात आलं, तिचा आवाज कसा होता तेच आठवत नाहीये. बारीक होता की जाड होता, तेही नाही. कार्डं टाकणं तेव्हाच थांबवलं." आणि मग, पहिल्यांदाच जरा तिखट होऊन, "त्यांनी ठरवलं, तुम्ही ठरवलं. सोसणार नाही म्हणे! मला विचारलं होतं का कुणी?"

"नाही विचारलं," मास्तर म्हणाले.

मग त्यांना वाटलं, निदान एक गोष्ट तरी आपल्याजवळ देण्यासारखी आहे. ते पुढे झुकून म्हणाले, "पण वहिनी, आता लागणार आहे. सोमवारपासून. रोज. दर तीन तासांनी!"

"दर तीन तासांनी?"

"नऊ, बारा, तीन, सहा. चुकणार नाही. मशीनच लावणार."

वहिनींचा चेहरा फुलायच्या ऐवजी उतरला. त्यांनी घोंगडीवरचा एक डाग अंगठ्याने घासला. "मास्तर, तुम्ही गाण्यातली माणसं. मला सांगा, कपडा रोज चार वेळा धुतला तर त्याला वास राहतो का माणसाचा?"

मास्तरांची नजर हँगरवरच्या कपड्यांकडे गेली.

"एकदा ऐकायचंय मला. नीट. मग नको. आठ दिवसांत ते गाणं त्या साबणाच्या जाहिरातीसारखं होईल. ती येईल आणि मी शर्ट मोजत असेन. तसं नकोय मला."

मास्तर तडक स्टेशनवर आले. त्यांनी सूनबाईंना सगळं सांगितलं, स्वतःची चूक धरून. सूनबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे बांधलेला दोरा सुटला," त्या म्हणाल्या, "पण आता नवा बांधायचाय."

"हो."

"नाही जमणार मास्तर." त्या वळल्या तेव्हा डोळे पुसत होत्या, पण बोलणं ठाम होतं. "रविवारी दुपारी आपला फर्माइशीचा कार्यक्रम शेवटचा आहे. त्यात लावा. हवं तसं, हवं ते बोलून लावा, मी घड्याळ बघणार नाही. रविवार वहिनींचा. सोमवार चौदा घरांचा. ह्याहून जास्त माझ्या हातात नाही."

वायरमन जिन्यात भेटला. "काय म्हणाल्या?"

"निम्मं म्हणाल्या."

"मग भांडा की! तुमच्याशिवाय जुनी गाणी म्हणजे नवरदेवाशिवाय वरात."

"भांडू कुणाशी? तिचं चूक असतं तर भांडलो असतो. एकोणीस वर्षं चूक माझी आहे."

रविवारी दुपारी चारला मास्तर स्वतः माइकसमोर बसले. त्यांनी वहिनींना स्टेशनवर यायचं सुचवलं होतं, वहिनी म्हणाल्या होत्या, "नको, ती दुकानात ऐकायची." कॉम्प्युटरमध्ये गाणं तयार होतं, पण मास्तरांनी कपाटातून तबकडीच काढली. दोरा कुजला होता. गाठीला हात लावायच्या आधीच तुटून बोटांवर आला. तबकडी त्यांनी आतून बाहेर पुसली.

मग त्यांनी खोक्यातलं पहिलं कार्ड वाचलं, जसं होतं तसं. आणि म्हणाले, "हे कार्ड अठरा वर्षांपूर्वी आलं होतं. त्याच्यामागून आणखी दहा आली. ती पोहोचली होती. गाणंही आमच्याकडे शाबूत होतं. लावलं नाही ही माझी चूक. ज्यांनी कार्ड टाकलं त्यांच्यासाठी आज लावतो आहे. बाकीच्यांनी जरा हळू बोलावं."

रेडिओवर असं कुणी बोलत नसतं. काचेपलीकडे वायरमनने टोपी काढून हातात घेतली. सुई खाली उतरली, जराशी खरखर झाली आणि वल्ही पाण्यात पडली. पहिल्या कडव्यानंतरची साद आली, दुसऱ्या कडव्यानंतरची आली. मास्तर त्या फिरणाऱ्या काळ्या कडेकडे पाहत राहिले. मागच्या गल्लीत काय चाललं असेल ते कळायला मार्ग नव्हता. गाणं संपलं तसे फोन घणघणायला लागले: कुठलं गाणं, पुन्हा कधी लागेल? टायपिस्ट सगळ्यांना आनंदाने सांगत होती, "उद्या नऊला! मग बाराला!"

सोमवारी सकाळी नऊला सगळ्यांनी मनोऱ्याखाली फोटो काढायचा ठरला होता. मास्तर घरून साडेआठला निघाले, पण स्टेशनच्या कोपऱ्यावर न वळता सरळ लाँड्रीत गेले.

वहिनी कामात होत्या. डोळे सुजलेले, पण हात नेहमीसारखा झपाझप.

"ऐकलंत?" मास्तरांनी विचारलं.

"ऐकलं." इस्त्री दोन-तीन बोटं पुढे सरकली. "पहिल्यांदा नाही आली. मला वाटलं, गेली ती गेलीच. दुसऱ्या वेळी आली. साद देताना मध्येच दम घ्यायची ती, सगळ्यांच्या मागे पडायची आणि मग एकटीच ओरडायची. मी पार विसरले होते. तिथेच थांबली काल. तिथेच." त्यांनी मान हलवली. "आवाज बारीक होता, मास्तर."

मास्तरांनी खाली पाहिलं.

"आता आणखी दहा मिनिटांनी लागेल ना?"

"लागेल वहिनी. मी खूप..."

"माहितेय. तुमचाही संसार आहे." त्यांनी रेडिओकडे पाहिलं. "बंद करून ठेवते. पण दिवसभर गप्प दुकानात माझा हात चालत नाही हो. ती गेली तेव्हापासून तो बंद केलाच नाही कधी."

मास्तर उठले. "पक्कड आहे का?"

वहिनींनी खणातून पक्कड काढून दिली. मास्तरांनी रेडिओच्या त्या उघड्या दांड्याला ती लावली आणि चौतीस वर्षं ज्या स्टेशनचं अन्न खाल्लं त्याच्यावरून काटा जोर लावून हलवला. खरखर, शिट्टी, कुणाचं तरी अर्धं वाक्य, आणि मग टेकडीवाल्यांचा धडाकेबाज ढोल.

"अगंबाई! हे काय कोकलतायत?"

"सकाळी दहापर्यंत असतो हा आरडाओरडा. मग बातम्या. दुपारी एक बाई कुंड्यांतल्या झाडांबद्दल बोलतात, छान बोलतात. तीननंतर एकजण पत्रं वाचतो, तो जरा आगाऊ आहे, पण मनाने वाईट नाही."

"तुम्हाला बरं पाठ आहे!"

"सांगू नका कुणाला. बारा वर्षं ऐकतोय, शत्रूचं म्हणून. आणि आज तर नऊला तिकडे फोटो आहे आमचा."

वहिनी हसल्या. हसता हसता त्यांची नजर मास्तरांच्या गळ्याशी गेली. "आणि ही कॉलर? आज फोटो आहे म्हणता ना तुमचा? काढा शर्ट. असे चुरगळलेले जाल तर लोक म्हणतील, लाँड्रीतून आला."

"राहू दे वहिनी, उशीर होईल."

"होऊ दे. काढा म्हणते ना!"

मास्तरांनी शर्ट काढून दिला आणि ते बनियनवर स्टुलावर बसले. समोरच्या वाण्याच्या दुकानात नऊचे ठोके पडले आणि पाठोपाठ, अगदी पुसट, वल्ह्यांचा ठेका सुरू झाला. तो पलीकडच्या शिंप्याकडेही सुरू झाला, आणि वरच्या मजल्यावरही. वहिनींनी पाणी शिंपडलं. मास्तरांनी हात लांब करून टेकडीवाल्यांचा आवाज वाढवला, आणखी वाढवला, दुकानातले हँगर थरथरेपर्यंत, आणि विचारलं, "ह्या शर्टाला खळ घालता का हो वहिनी?"

"काय?" वहिनी ओरडल्या. "ऐकू येत नाही!"

"खळ! खळ!" मास्तरही ओरडले.